शिकायला गेले, घर सोबत नेले

असरची नमाज झाली की पेणच्या आणि रोह्याच्या बाजारात रमजानची लगबग सुरू होते. खजुराची खोकी उघडतात, कलिंगडाच्या फोडी चिरल्या जातात, भज्यांच्या कढया तापतात. रोजा असलेला आणि नसलेला, दोघेही त्याच गाडीसमोर उभे असतात. घराघरांत याच सुमारास आणखी एक गोष्ट घडते. मोबाइल वाजतो. पलीकडे लंडन असते, मेलबर्न असते, टोरांटो असते. शिकायला गेलेला मुलगा किंवा सून पडद्यावर दिसते आणि आई पहिला प्रश्न विचारते, ‘तुमच्याकडे इफ्तार किती वाजता?’

परदेशी शिकायला जाणारी जोडपी आता या दोन गावांना नवी राहिलेली नाहीत. एकाला विद्यापीठात प्रवेश मिळतो, दुसरा सोबत जातो. किंवा दोघेही शिकतात आणि संध्याकाळी कुठेतरी काम करतात. जाताना बॅगेत पेणचे पापड, मिरगुंडे, पोहे, कडवे वाल आणि आमसुले असतात. वजन जास्त झाले की विमानतळावर आधी पुस्तक बाहेर निघते, पापड नाही. तिकडे गेल्यावर ईद, गणपती, दिवाळी कशी करायची, कोणाला बोलवायचे, मुलांशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे प्रश्न सुटेसुटेपर्यंत अभ्यासक्रम संपतो.

हे प्रश्न मात्र आजचे नाहीत. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी, आपल्याच किनाऱ्याशी नाते असलेल्या दोघांनी ते लंडनमध्ये अनुभवले. ती मुसलमान घरातली, जंजिऱ्याच्या बेगमची धाकटी बहीण. तो बेने इस्रायल समाजातला चित्रकार. दोघे लंडनला वेगवेगळे शिकले, पुढे त्यांचे लग्न झाले आणि त्यांनी आपले घर, गाणे आणि चित्र घेऊन पुन्हा तेच शहर गाठले. अतिया फैजी आणि सॅम्युएल रहमीन यांची ही गोष्ट रमजानच्या दिवसांत आठवावी अशीच आहे.

रायगडची परदेशवारी

परदेशी शिक्षणाची वाट या जिल्ह्याने फार लवकर पाहिली. रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९१५ मध्ये केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. वनस्पतिशास्त्र शिकले, १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. विलायतेत असतानाच त्यांचा रोझिना या इंग्रज तरुणीशी विवाह झाला. आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आले. त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९८१ मध्ये, कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

ही नावे गावागावांत माहीत आहेत. अतिया बेगमचे नाव मात्र उर्दू वाचणाऱ्यांपुरते राहिले आहे. रोह्याहून डोंगर ओलांडून मुरुडला गेले की नवाबांचा राजवाडा दिसतो. अतियांची थोरली बहीण नाझली या जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान यांच्या बेगम होत्या. त्यामुळे मुरुड हे अतियांसाठी बहिणीचे सासर. येण्याजाण्याचे, राहण्याचे हक्काचे ठिकाण.

अतियांचा जन्म १८७७ मध्ये इस्तंबूलचा. वडील हसनअली फैजहैदर व्यापारासाठी तिकडे होते. घराणे मुंबईच्या तय्यबजींच्या गोतातले, सुलेमानी बोहरा. काँग्रेसचे अध्यक्ष झालेले न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी याच गोतातले. पक्ष्यांचा अभ्यास करणारे सालिम अलीही त्याच नात्यातले. जर्मनीत शिकून १९३० मध्ये परतल्यावर सालिम अली आणि त्यांची पत्नी तहमीना अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले आणि तिथेच त्यांनी सुगरण पक्ष्याचा प्रसिद्ध अभ्यास केला.

या गोतात एक चांगली पद्धत होती. घरात एक वही ठेवलेली असे आणि त्या घरात राहणाऱ्या, येणाऱ्या प्रत्येकाने तिच्यात लिहायचे. कोण आले, काय खाल्ले, मुलांनी काय खोड्या काढल्या, समुद्रावर कोण पोहले. तिला ते ‘अखबार’ म्हणत. मुलींनीही लिहायचे, पाहुण्यांनीही. रोजचे साधे जगणे लिहून ठेवण्यासारखे असते, हा धडा अतियांना शाळेआधी घरातच मिळाला.

लंडनमधला रोजनिशीचा वर्ग

१९०६ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, अतिया सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या. शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण देणाऱ्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी नाव घातले. त्या काळी हिंदुस्थानातली अविवाहित मुसलमान तरुणी सरकारी खर्चाने विलायतेला शिकायला जाते, ही बातमीच होती. कॉलेज मात्र बातमीवर चालत नाही. ठरलेल्या वेळी उठणे, वर्गात बसणे, बालमानस आणि अध्यापनाचे धडे, दुसऱ्याचा वर्ग पाहणे, मग स्वतः शिकवून दाखवणे. आज बी.एड. करणाऱ्या कोणालाही हे वेळापत्रक ओळखीचे वाटेल.

अतिया घरी पत्रे लिहीत. बहीण जोहरा ती नीट लावून लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या साप्ताहिकाकडे पाठवत. बायकांसाठी निघणारे आणि मुहंमदी बेगम या बाईंनीच संपादित केलेले हे उर्दू पत्र घराघरांतल्या जनान्यात वाचले जाई. त्यामुळे लंडनचा दिवस कसा उजाडतो, मुली एकट्या बसमध्ये कशा चढतात, वर्गात मास्तरणीला प्रश्न कसा विचारतात, हे ज्या बायकांनी कधी उंबरा ओलांडला नव्हता त्यांना घरबसल्या कळू लागले. पुढे १९२१ मध्ये ही पत्रे ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तकरूपात आली. ‘तहसील’ हा शब्द मराठी वाचकाला कचेरीची आठवण करून देईल. उर्दूत त्याचा अर्थ मिळवणे. इथे विद्या मिळवणे. ‘शिक्षणाचे दिवस’ असे त्या नावाचे सरळ मराठी होईल.

अतिया लंडनला पोहोचल्या त्यानंतर थोड्याच दिवसांत रमजान लागला. हिजरी १३२४ चा तो रमजान इंग्रजी हिशेबाने १९०६ च्या ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि ईद नोव्हेंबरच्या मध्याला येते. आजच्या सूनबाईला जो प्रश्न विचारला जातो त्याचे त्या वर्षीचे उत्तर असे असते: महिन्याच्या सुरुवातीला संध्याकाळी पाचच्या सुमारास आणि ईदच्या तोंडावर चार वाजून थोड्याच मिनिटांनी. कोकणात दुपारचा चहा व्हायच्या वेळी लंडनला मगरीब. रोजा लहान, पण बाहेर धुके, अंधार आणि थंडी. अजान ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. लंडन शहरात तेव्हा मशीद म्हणून बांधलेली एकही इमारत नव्हती. जवळात जवळची मशीद वोकिंगला, शहराबाहेर आगगाडीच्या वाटेवर. भोपाळच्या शाहजहाँ बेगम यांच्या देणगीतून १८८९ मध्ये ती उभी राहिली होती आणि बांधवून घेणारे विद्वान लाइटनर यांच्या निधनानंतर बहुतेक काळ बंदच होती. ज्या गल्लीत पाच वेळा अजान ऐकत माणूस वाढतो, तिथून अशा शहरात जाणे म्हणजे काय, हे आज परदेशी असलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. चंद्र दिसला का, हे विचारायलाही शेजार लागतो.

तो शेजार अतियांनी शोधला. लंडनमध्ये नॅशनल इंडियन असोसिएशन नावाची संस्था हिंदी विद्यार्थ्यांसाठी संध्याकाळचे मेळावे भरवीत असे. तिच्या चिटणीस मिस बेक यांच्या घरी बंगाली, पारशी, पंजाबी, मराठी अशी सगळी मंडळी जमत. मुंबईतला माणूस मुंबईत जितक्या धर्मांच्या आणि भाषांच्या घरांत जेवला नसेल तितक्या घरांत तो लंडनमध्ये जेवतो, ही गंमत आजही खरी आहे. पेणचा मुलगा पेणमध्ये कधी मल्याळी घरात गेलेला नसतो; तिकडे गेल्यावर पहिल्या महिन्यात त्याला ओणमचे आमंत्रण येते.

पोशाखाचा प्रश्नही त्यांनी आपल्या पद्धतीने सोडवला. तय्यबजी गोतातल्या बायकांनी पडदा आधीच सोडला होता. पण विलायतेत जाऊन मडमेचा झगा घालणे अतियांना नको होते. पायघोळ, अंगभर, डोके झाकणारा पोशाख त्यांनी कायम ठेवला. लोक वळून पाहत. मुळात अतियांना वर्गात जायचे होते आणि आपल्या कपड्यांत जायचे होते. या दोन गोष्टींत भांडण आहे असे त्यांना वाटले नाही.

इक्बाल, नेकार नदी आणि जंजिऱ्याचे आमंत्रण

१ एप्रिल १९०७ रोजी मिस बेक यांच्याच घरी त्यांची ओळख केंब्रिजच्या एका पंजाबी विद्यार्थ्याशी झाली. नाव मुहंमद इक्बाल. तेव्हा ते ‘अल्लामा’ व्हायचे होते. तत्त्वज्ञानाचे हुशार, हजरजबाबी विद्यार्थी होते. हाफिजच्या फारसी कवितेवरून गप्पा सुरू झाल्या. एकमेकांना जेवायला, चहाला बोलावणे झाले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्याअखेर अतिया जर्मनीत हायडेलबर्गला गेल्या. इक्बाल तिथे एम्मा वेगेनास्ट या शिक्षिकेकडे जर्मन शिकत होते; त्यांना म्युनिकच्या विद्यापीठाला इराणी तत्त्वज्ञानावरचा प्रबंध सादर करायचा होता. नेकार नदीत नाव वल्हवणे, टेकड्यांवर सहली, सहलीत कविता आणि कवितेवर वाद, असा तो मुक्काम. अतियांनी पुढे १९४७ मध्ये ‘इक्बाल’ नावाचे छोटे इंग्रजी पुस्तक लिहून या दिवसांची हकिकत आणि इक्बालांची पत्रे प्रसिद्ध केली. मोठ्या कवीचे विद्यार्थीपण त्यामुळे जगाला कळले.

त्या पत्रांत आपल्या जिल्ह्याचाही धागा आहे. मायदेशी परतल्यावर नवाब आणि बेगमनी इक्बालांना जंजिऱ्याला येण्याचे आमंत्रण दिले होते. लाहोरची वकिली, घरच्या अडचणी, पैशांची ओढ यांत ते येणे राहून गेले. शायर मुरुडला आला नाही, त्याची माफी मागणारी पत्रे तेवढी आली.

अतियांचे स्वतःचे शिक्षण अर्धे राहिले. लंडनची हवा मानवली नाही. प्रकृतीने साथ सोडली आणि प्रमाणपत्र न घेताच १९०७ मध्ये त्या परतल्या. शिष्यवृत्ती मिळवून गेलेली मुलगी कागद न घेता परत येते, हे घरच्यांना सांगणे कोणत्याही काळात सोपे नसते. गावात विचारणारे असतातच. अतियांनी त्यावर उपाय केला तो लिहिण्याचा आणि पुढे गाण्याचा. पदवी नसली तरी शिक्षण झाले होते, हे त्यांच्या पुढच्या पन्नास वर्षांनी दाखवून दिले.

शनिवार तेल्यांचे रोजे

त्याच वर्षांत लंडनमध्ये दुसरा एक हिंदी विद्यार्थी चित्रकला शिकत होता. सॅम्युएल रहमीन. जन्म १८८० चा, पुण्याचा. रॉयल अकॅडमीच्या शाळेत त्याला जॉन सिंगर सार्जंट यांच्यासारखे गुरू लाभले. सार्जंट म्हणजे त्या काळचे सर्वांत नावाजलेले व्यक्तिचित्रकार. तैलरंगात हुबेहूब चेहरा उतरवण्याची विलायती विद्या रहमीन तिथे शिकले.

त्यांचा समाज बेने इस्रायल. या समाजाचे मूळ शोधायचे तर पुणे सोडून घाट उतरून आपल्याच भागात यावे लागते. परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि वाचलेली माणसे इथेच राहिली. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. ज्या गावात राहिले त्याचे आडनाव घेतले: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, दिवेकर. पेणमध्ये त्यांचे प्रार्थनास्थळ आहे, कुंडलिकेपलीकडे अष्टमीतही आहे. जुन्या माणसांना ते ‘मशीद’ या शब्दानेच ओळखीचे होते. इंग्रजी अमदानीत नोकऱ्यांसाठी बरीच घराणी मुंबई, पुणे, कराचीला गेली. आडनावातून गाव मात्र गेले नाही.

रमजानच्या निमित्ताने या समाजाच्या जुन्या सणांची यादी वाचावी. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून ठेवलेल्या इतिहासात ती आहे. यहुद्यांच्या एलूल महिन्यातल्या उपवासांना कोकणातले बेने इस्रायल ‘रमजान’ म्हणत. नववर्षाच्या सणानंतर येणारा उपवास म्हणजे ‘नव्याचा रोजा’. जेरुसलेमचे मंदिर पडले त्या दुःखाचा उपवास ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या निमित्ताने केळीच्या पानावर वालाचे बिरडे वाढले जाई. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात बसत म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’. एलियाहू पैगंबराच्या नावाने होई तो ‘उरूस’, आणि त्यात प्रसाद असे मलिद्याचा.

मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे. पेण-रोह्याच्या भाताचे पोहे, किनाऱ्याच्या नारळाचे खोबरे. दर्ग्यातही मलिदा असतो. त्याची कृती वेगळी, पण नाव तेच. शब्द मुसलमान शेजाऱ्याचा, बिरडे आगरी-कुणब्याच्या शेतातले, भाषा मराठी आणि उपवास मोझेसच्या धर्मातला. कोणी कोणाकडून काय घेतले याची नोंद कोणी ठेवली नाही. घेताना कोणाचे काही कमी झाले नाही, म्हणून ठेवायची गरजही पडली नसावी.

नाव जोडून घेतलेला नवरा

लंडनहून परतल्यावर रहमीन यांच्या चित्रांनी वळण घेतले. सार्जंटकडून शिकलेले तैलरंग त्यांनी बाजूला ठेवले आणि राजपूत लघुचित्रांच्या पद्धतीने, जलरंगात, बारीक रेषेत काम करू लागले. शिकायचे तिकडे आणि शिकून झाल्यावर आपल्या घरात काय होते ते पाहायचे, असा हा उलटा प्रवास. बडोद्याच्या गायकवाड दरबारात ते कलाविषयक सल्लागार होते.

१९१२ मध्ये अतिया आणि सॅम्युएल यांचा विवाह झाला. सॅम्युएल यांनी इस्लाम स्वीकारला. आणखी एक गोष्ट केली, जी आजही बातमी होईल: बायकोच्या घराण्याचे नाव आपल्या नावाआधी लावून ते फैजी-रहमीन झाले. दोघांची नावे एकत्र आली, कोणाचे पुसले गेले नाही. लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलायचे की ठेवायचे यावर आजही घराघरांत रुसवे-फुगवे होतात. तिथे शंभर वर्षांपूर्वीच्या या नवऱ्याची आठवण काढायला हरकत नाही.

मग हे जोडपे युरोपला गेले. यावेळी वर्ग वेगळा होता. रहमीन यांची चित्रे पॅरिस आणि लंडनमध्ये लागली. १९१४ मध्ये लंडनच्या गूपिल गॅलरीने अतियांचे ‘इंडियन म्युझिक’ हे इंग्रजी पुस्तक काढले. त्यावर लेखिकेचे नाव ‘शाहिंदा’. राग म्हणजे काय, सूर किती, ताल कसे, वाद्ये कोणती, हे ज्यांनी सतार कधी पाहिली नाही अशा वाचकाला समजावणारे पुस्तक. इंग्रजाला वाटे, हिंदुस्थानी गाणे म्हणजे एकच सूर लांबवत नेणे. त्याला समोर बसवून सांगायचे की इथे वेळ आहे, ऋतू आहे, शास्त्र आहे. अर्ध्यावर राहिलेले शिक्षिकेचे प्रशिक्षण असे कामी आले.

सांगणे तिचे आणि दाखवणे त्याचे. रागांना रूप असते, रागिणीला चेहरा असतो, ही जुनी चित्रपरंपरा रहमीन यांनी पुन्हा हाती घेतली. तोडी रागिणीचे त्यांचे चित्र आणि एका राजपूत सरदाराचे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतले. ज्या शहरात विद्यार्थी म्हणून बाकावर बसले, त्या शहराच्या भिंतीवर चित्र गेले. अतियांच्या पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती १९२५ मध्ये लंडनहूनच ‘द म्युझिक ऑफ इंडिया’ या नावाने निघाली. पुढे नव्या दिल्लीच्या सचिवालयातले घुमट रंगवण्याचे काम रहमीन यांनी १९२६ ते १९३० या काळात केले. त्या सचिवालयात कामासाठी गेलेल्या किती जणांची मान वर झाली असेल, कोण जाणे.

मुंबईतल्या त्यांच्या घराचे नाव ऐवान-ए-रिफअत. तिथे गाणे, नाटक, चित्र यांच्या बैठका होत. ‘थ्री आर्ट्‌स सर्कल’ या नावाने त्यांनी मंडळ चालवले. विलायतेत मिस बेक यांच्या दिवाणखान्यात जे पाहिले ते त्यांनी आपल्या दिवाणखान्यात आणले: वेगवेगळ्या घरांतली माणसे एका छताखाली बसवणे आणि बोलायला काहीतरी चांगले देणे.

घर सुटते तेव्हा

या गोष्टीचा शेवट गोड नाही. फाळणीनंतर, मुंबईतले जुने परिचित महंमद अली जिना यांच्या बोलावण्यावरून अतिया, रहमीन आणि नाझली कराचीला गेले. तिथे नवे घर बांधले, नाव तेच ठेवले, ऐवान-ए-रिफअत. चित्रे लावली, पुन्हा बैठका सुरू केल्या. जिनांच्या मृत्यूनंतर दिवस पालटले. ते घर त्यांना सोडावे लागले. अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. १९६४ मध्ये रहमीन गेले, १९६७ मध्ये अतिया. जंजिऱ्याच्या राजवाड्यात वावरलेल्या दोन बहिणींचा शेवट परक्या शहरात, हातात घराची किल्ली नसताना झाला.

लंडनमध्ये ते पाहुणे होते आणि पाहुण्यासारखे जगले. तरी घर त्यांच्यासोबत होते. कराचीत ते आपल्या घरी म्हणून गेले आणि घर हातचे गेले. माणूस कुठे परका होतो हे नकाशावरून ठरत नाही.

इकडे पेण-रोह्यातही घरे रिकामी होत होती. १९४८ नंतर बेने इस्रायल कुटुंबे एकेक करून इस्रायलला गेली. कोणी त्यांना घालवले नव्हते, आणि निरोप द्यायला सगळी आळी आली होती, असेच जुनी माणसे सांगत. तिकडे जाऊन त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. मलिदा अजून होतो. पोह्यांशिवाय तो होत नाही, म्हणून पोहेही तिथे पोहोचले. गावात त्यांची प्रार्थनास्थळे उरली आणि उरले काही शब्द. ‘बिरड्याचा रोजा’ म्हटल्यावर आज किती रोहेकरांना अर्थ लागेल?

पडद्यावरचा इफ्तार

पुन्हा त्या संध्याकाळच्या फोनकडे यावे. पेणच्या घरात अजान होते. पडद्यावरच्या मुलाकडे अजून दुपार असते. तो ग्रंथालयातून बोलत असतो, त्याचा रोजा सुटायला बराच अवकाश असतो. सूनबाई सांगते, शेजारच्या खोलीतली नाशिकची मुलगी आज फळे घेऊन येणार आहे, आणि मागच्या महिन्यात तिच्या हळदीकुंकवाला आपण तिळगूळ केले होते. आई समाधानाने मान डोलावते आणि विचारते, ‘वाल संपले का?’

इस्लामी परंपरेत कुराणाचे अवतरण रमजानमध्येच सुरू झाले आणि त्यातला पहिला शब्द होता ‘इक्रा’, म्हणजे वाच. हा महिना उपवासाचा तसाच वाचण्याचा आणि शिकण्याचाही. शिकायला गेलेल्या मुलांचे आई-बाप या महिन्यात जास्त हळवे होतात. मुलगा बदलून येईल का, ही भीती त्यांना असते. अतिया आणि रहमीन यांच्याकडे पाहिले तर उत्तर असे मिळते की बदलून येणारच. सार्जंटचा विद्यार्थी राजपूत रेषा काढू लागला, शिक्षिका व्हायला गेलेली मुलगी गाण्यावर पुस्तक लिहून बसली. बदलले ते दोघेही. जे सोबत नेले होते ते मात्र त्यांनी टाकले नाही, ते समोरच्याला समजावून सांगायला शिकले.

त्यांच्याकडून एक साधी गोष्ट मात्र आजच्या जोडप्यांनी उचलावी. फोनवरचे बोलणे उडून जाते. अतियांची पत्रे होती म्हणून १९०६ च्या लंडनमधला एका हिंदी मुलीचा दिवस आज वाचता येतो. २०१० मध्ये त्यांचा इंग्रजी अनुवादही झाला. तय्यबजींच्या घरातल्यासारखी एखादी वही घरात असावी. आज काय शिजवले, ईदला कोण आले, गणपतीला मोदकांचे सारण कसे बिघडले, वर्गात काय कळले नाही, पहिला बर्फ पाहिला तेव्हा काय वाटले, हे दोघांनी आळीपाळीने लिहावे. उर्दूत लिहावे, मराठीत लिहावे, कोकणी बोलीत लिहावे. आज ते क्षुल्लक वाटेल. पन्नास वर्षांनी नातवंडे तेच पहिल्यांदा उघडतील.

आणि जे गावातच आहेत त्यांनी इफ्तारच्या ताटात यंदा एखादा दिवस बिरडे वाढून पाहावे. पेण आणि रोह्याच्या शेजारात एकेकाळी तोही एका रोजाचा पदार्थ होता. खाताना पेणकर, रोहेकर, अष्टमकर यांची आठवण निघाली तर मुलांना सांगावे की ही आपल्याच आळीतली माणसे. मगरीबची अजान झाली की दुआ मागायची असते. दूर असलेल्यांसाठी ती मागताना त्यात जुन्या शेजाऱ्यांनाही जागा होईल.